हरकतीची मुदत

विशालचं भाषण ठरल्यापेक्षा लांबलं होतं, पण बापाच्या पहिल्या स्मृतिदिनाच्या पुण्यानुमोदनाला थोरला मुलगा बोलतोय म्हटल्यावर त्याला थांबवणार कोण? कॅनडातल्या मिल्टन गावी त्याच्या घराच्या बेसमेंटमध्ये चाळीसेक माणसं दाटीवाटीने बसली होती. टेबलावर बुद्धांची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि यंदापासून त्यांच्या शेजारी धोंडिबा ओव्हाळांचा. पंचशील होऊन अर्धा तास झाला, मेणबत्त्या अर्ध्यावर आल्या, तरी गडी माइक सोडेना. एवढ्याशा बेसमेंटमध्ये माइकची गरजही नव्हती. पण ऑक्टोबरात टाउन कौन्सिलच्या निवडणुकीला उभं राहायचं ठरवल्यापासून त्याला माइकशिवाय बोलवतच नव्हतं. त्याची बायको दीपा म्हणायची, हा जेवताना मीठ मागतो तेही भाषण केल्यासारखं.

"आबांनी शहाण्णव साली फाउंड्री रोडवरची बिल्डिंग घेतली," विशाल सांगत होता. "खाली तीन दुकानं. टाउनचं कुठलंही पत्र येऊ दे, पाणी बंद राहणार असेल, रस्ता खणणार असतील, आबा ते पत्र घेऊन तिन्ही दुकानांत जायचे. स्वतः वाचून दाखवायचे आणि नक्कल द्यायचे. लोक म्हणायचे, मालक असून पोस्टमनची कामं कसली करतोस? आबा म्हणायचे, ज्याला कळवलं नाही त्याला माणसात धरलं नाही."

टाळ्या पडल्या. पुढच्या खुर्चीवर पांढऱ्या साडीत बसलेल्या कमलाबाईंनीही वाजवल्या. नवऱ्याच्या आठवणीने डोळे भरले होते, त्यात पोराचा अभिमानही होता. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी बाईला एवढंच पाहिजे होतं.

मग जेवणं झाली. मटकीची उसळ, वांगं-बटाटा, पुऱ्या, खीर. सगळं अरुणाने केलं होतं. त्या तीन दुकानांतलं मधलं दुकान तिचं. नवरा गेल्यावर डबे करून पोरीला युनिव्हर्सिटीपर्यंत पोचवलेली बाई, मिल्टनमधली निम्मी एकटी पोरं तिच्या डब्यावर जगायची. तिच्या एका बाजूला गुंजनचं कपडे आल्टर करायचं दुकान आणि दुसऱ्या बाजूला एका पोर्तुगीज म्हाताऱ्याचं चाव्यांचं. आज अरुणा पैसे घेणार नव्हती. आबांचं मी करणार, असं तिने आधीच बजावलं होतं.

पाहुणे कोट घालून जिन्याने वर जायला लागले तेव्हा अरुणा रिकामे ट्रे एकात एक घालत होती. कमलाबाई जवळच खिरीची वाटी घेऊन बसल्या होत्या.

"भाऊ, एक विचारू का?" अरुणा विशालला म्हणाली. "काल समोरचा बेकरीवाला विचारत होता, तू हरकत घेतलीस का म्हणून. मी म्हटलं कशाची? तर म्हणाला, आपल्या रस्त्याचं ते बीआयए होतंय ना, त्याची. त्याला मार्चमध्ये टाउनचं पत्र आलं म्हणे. साठ दिवसांत लिहून द्यायचं होतं."

"हां, ते," विशाल म्हणाला. "बिझनेस इम्प्रूव्हमेंट एरिया."

"ते तुम्ही करताय हे ठाऊक होतं मला. दिवे लावणार, बाकडी ठेवणार, सगळं ऐकलं होतं. पण त्यासाठी दुकानांनी दरवर्षी जादा कर भरायचा, आणि तो सक्तीचा, हे नव्हतं ठाऊक. पत्र आम्हाला कसं नाही आलं? गुंजनला नाही, चावीवाल्याला नाही."

विशालने दीपाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "पोस्टात गहाळ झालं असेल, ताई. मी बघतो. आय विल लुक इंटू इट."

"तिघांचंही गहाळ झालं?"

"होतं कधीकधी."

"मुदत तर गेल्या शनिवारीच संपली म्हणे. आणि तो म्हणाला, जे गप्प बसले त्यांचा होकार धरलाय. खरं का हो?"

"प्रोसेसच तशी आहे."

"मी गप्प नव्हते बसले, भाऊ," अरुणा म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "मला ठाऊकच नव्हतं."

ती एवढं बोलून ट्रे उचलायला लागली. मावतील तेवढे गाडीत नेते, गुंजनच्या मुलाला क्लासवरून आणायचंय, उरलेले परत येऊन नेते, म्हणाली. कमलाबाईंच्या हातातली अर्धी खीर तशीच राहिली होती. मार्च, पत्र, रविवार. त्यांना सगळं लख्ख आठवलं.

ओव्हाळांच्या घरात एक रीत होती. धोंडिबांच्या वडिलांनी वतनाच्या जमिनीचा कागद पाटलाच्या कारकुनाला नुसता बघायला म्हणून दिला होता. कागद परत आला नाही आणि जमीनही गेली. तेव्हापासून घरात कायदा झाला की सरकारी कागद हाताबाहेर द्यायचा नाही. आला की वाचायचा, कोपऱ्यात पेन्सिलने लिहायचं की कधी आला आणि कुणी वाचला, आणि ट्रंकेत ठेवायचा. दुसऱ्याला लागला तर वाचून दाखवायचा, नक्कल द्यायची. धोंडिबा गेल्यावर बिल्डिंग कमलाबाईंच्या नावावर झाली आणि टाउनची पत्रं त्यांच्या नावाने यायला लागली. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. विशाल रविवारी वाचून दाखवायचा, आणि त्या लिहून ठेवून द्यायच्या. रीतीतला ठेवायचा भाग त्यांनी चोख पाळला होता. नक्कल द्यायचा भाग धोंडिबांबरोबर गेला, हे त्यांच्या ध्यानात आत्ता आलं.

"यशे," त्यांनी लेकीला हाक मारली. "जरा वर चल माझ्याबरोबर."

---

यशोधरा मार्कहॅमला शाळेत शिकवायची. शाळेत तिच्यापुढे पोरं चळाचळा कापायची, पण आईने 'यशे' म्हटलं की ती अजून नऊ वर्षांची व्हायची. तिला वाटलं आईला चक्कर येतेय. वर खोलीत गेल्यावर कमलाबाईंनी दार लावलं आणि पलंगाखालची हिरवी ट्रंक ओढायला लावली.

"मार्चातलं पाकीट काढ. वरच आसंल."

वरच होतं. यशोधराने वाचलं. पहिल्याच पानावर होतं, आणि जाड टायपात होतं: मालकाने तीस दिवसांच्या आत आपल्या भाडेकरूंना या पत्राची नक्कल द्यावी आणि त्यांची नावं टाउन क्लार्कला कळवावीत. खाली मुदतीची तारीख, दोन मे. आणि कोपऱ्यात आईचं दाबून लिहिलेलं पेन्सिलचं अक्षर. एकतिसाव्या वर्षी बाई लिहायला शिकली होती, तेव्हापासून कागद फाटेल इतकं दाबूनच लिहायची.

'रविवार ८ मार्च. विशालने वाचले. ठिवणे.'

"काय लिवलंय त्यात?" कमलाबाईंनी विचारलं.

"विशालदादाने तुला काय सांगितलं होतं?"

"म्हणला, आई, आपल्या कामाचं न्हाई, नुसती माहितीय. ट्रंकेत ठिव जपून." त्या पलंगाच्या कडेवर बसल्या. "मी म्हणलं, अरुणाला सांगायचं का? तर म्हणला, मी बघतो."

यशोधराला बोलायला तोंड कुठे होतं? विशालच्या बीआयए कमिटीची सेक्रेटरी तीच. कोण बाजूने, कोण विरोधात, याची यादी तिनेच केली होती. एक तृतीयांश लोकांनी हरकत घेतली की प्रस्ताव बारगळतो, म्हणून रोज संध्याकाळी ती आणि विशाल फोनवर नावं मोजायचे. मुदत संपली तेव्हा विरोधकांना दोनच हरकती कमी पडल्या होत्या. विशालने समोसे आणले होते. त्या यादीत बाकी सगळ्या बिल्डिंगांपुढे भाडेकरूंची नावं होती. फक्त त्यांच्या बिल्डिंगपुढे एकच नाव होतं, कमलाबाई धोंडिबा ओव्हाळ. तिने ते पाहिलं होतं. पाहून पुढे गेली होती.

"हा कर आपल्यालाच भरायचा ना पर?" कमलाबाई म्हणाल्या. "बिल्डिंग आपली हाय."

"बिल आपल्या नावाने येईल, आई. पण लीजमध्ये लिहिलंय, टॅक्स भाडेकरूंनी वाटून द्यायचा. आपल्या खिशातून काही जात नाही."

कमलाबाईंना हे समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. धोंडिबा गेले तेव्हासुद्धा त्यांनी असा चेहरा झाकला नव्हता.

"त्या बाईची खीर खाल्ली मी आत्ता," त्या म्हणाल्या.

---

चारच्या सुमारास शेवटचे पाहुणे गेले आणि घरात घरचीच माणसं उरली. फॅमिली रूममध्ये विशाल सोफ्यावर टाय सैल करून बसला होता, धाकटा कपिल टोरोंटोच्या आपल्या कॉन्डोकडे निघायच्या बेतात खिशात गाडीची किल्ली चाचपत होता. बिल्डिंग विकायची की ठेवायची यावरून दोघं भाऊ वर्षभर एकमेकांशी फक्त हवापाण्याचं बोलत होते. यशोधराने पत्र मधल्या टेबलावर ठेवलं, पेन्सिलचं अक्षर वर येईल असं.

कपिलने वाकून वाचलं. मग तो खाली बसला.

"दादा, हे तू वाचलं होतंस?"

"वाचलं होतं."

"आणि दिलं नाहीस."

"राहून गेलं," विशाल म्हणाला. "मार्चमध्ये बँकेत क्वार्टर एंड होता, त्यात कमिटीच्या मीटिंगा..."

"राहून नव्हतं गेलं," दीपा म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. चोवीस वर्षांच्या संसारात दीपा घरच्यांसमोर नवऱ्याविरुद्ध एक अक्षर बोलली नव्हती. आत भांडायची, बाहेर पाठीशी उभी राहायची. ती आता स्वयंपाकघराच्या दारात ओला फडका हातात घेऊन उभी होती.

"त्या रविवारी गाडीत काय म्हणालास आठवतंय ना? म्हणालास, आईने ट्रंकेत टाकलंय, आता ते ब्रह्मदेवालाही सापडत नाही. आणि हसलास." दीपाने फडक्याची घडी केली, उलगडली. "मीही हसले. आज तीच बाई माझ्या किचनमध्ये पुऱ्या तळत होती, मी तिच्या हाताखाली लाटत होते. मला तिच्याकडे बघवेना."

विशालचे कान लाल झाले. "तुम्ही सगळे असं बोलताय जसं काही मी चोरी केलीय. त्या रस्त्याची हालत बघा. सहा दुकानं बंद पडलीत. संध्याकाळी कुत्रं फिरकत नाही तिकडे. दिवे लागले, झाडं लावली, लोक चालत यायला लागले तर धंदा कुणाचा वाढणार? माझा? मी बँकेत जातो. त्यांचाच ना?"

"मग त्यांना विचारायचं होतंस," यशोधरा म्हणाली.

"विचारलं असतं तर नाहीच म्हणाले असते. त्यांना कुठे लाँग टर्म कळतंय? त्यांच्या भल्याचं काय ते त्यांना..."

तो तिथेच थांबला. हे वाक्य त्याच्या ओळखीचं होतं. आबांच्या गावच्या गोष्टींत ते होतं, आबा राबायचे त्या फाउंड्रीतल्या फोरमनच्या तोंडी होतं, बँकेत प्रमोशन नाकारलं तेव्हा बंद दाराआडून त्याने स्वतः ऐकलं होतं. दर चौदा एप्रिलला आंबेडकरी असोसिएशनच्या स्टेजवरून तो त्या वाक्याच्या चिंधड्या करायचा. आज त्याने ते स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या सोफ्यावर बसून म्हटलं. 

"गप्प बसलेल्याचा होकार धरायचा," यशोधरा म्हणाली. "आपल्या चार पिढ्या गप्पच होत्या, दादा. लोकांनी तोही होकारच धरला होता. आणि मी तरी काय वेगळं केलं? यादी माझ्याच हातची आहे."

 

कपिलने घसा खाकरला. यशोधराला वाटलं, आता हा वर्षभराचं सगळं बाहेर काढणार. पण कपिल भावाच्या शेजारी जाऊन बसला आणि हळू आवाजात बोलायला लागला.

"ऐका. मंगळवारी कौन्सिलपुढे बीआयएचा बायलॉ मंजुरीला येतोय. हे बाहेर आलं तर नुसतं बीआयए नाही जाणार. दादाचं इलेक्शन जाईल, असोसिएशनचं नाव जाईल. लोक काय म्हणतील, हेच का तुमचे ते हक्कवाले? नाव आबांचंही आहे." त्याने पत्र आपल्याकडे ओढलं. "पत्र आईच्या नावाने आलंय. आईला इंग्लिश येत नाही, वय झालंय. तिने ट्रंकेत ठेवलं आणि विसरली. दॅट्स इट. म्हाताऱ्या बाईला कोण काय म्हणणार? अरुणाताईसुद्धा काही म्हणणार नाहीत."

"कपिल, लाज वाटू दे," यशोधरा म्हणाली.

"मला वाटतेय. म्हणून तर सांगतोय."

सगळे विशालकडे बघायला लागले. यशोधरा वाट बघत होती, तो आता नाही म्हणेल. दीपा वाट बघत होती. विशाल टेबलावरच्या कागदाकडे बघत राहिला आणि काहीच बोलला नाही.

"बरं," कमलाबाई म्हणाल्या.

त्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसल्या होत्या. कधी येऊन बसल्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"मी सांगते, मी इसरले म्हणून. त्यात काय एवढं." त्यांनी सगळ्यांकडे एकेक करून बघितलं. "कुणाची हरकत हाय का?"

दीपाने मान खाली घातली. यशोधराचे ओठ हलले, पण त्यातून शब्द फुटला नाही. लहानपणी दादा तिला बर्फातून खांद्यावर बसवून शाळेत न्यायचा, नेमकं तेच तिला आठवलं आणि त्या एका आठवणीने तिचं तोंड बंद केलं. कपिल किल्लीशी चाळा करत होता.

"न्हाई ना? मग झालं." कमलाबाई उठल्या, टेबलापाशी आल्या, आणि साडीच्या ओच्यातून एक खोडरबर काढून विशालपुढे ठेवला. "पर कागदावर तुझं नाव हाय. ते खोडाय पायजे. मला नीट दिसत न्हाई. तूच खोड."

---

खोडरबर पांढरा होता, कडेने काळा पडलेला. विशालने तो ओळखला. आबा आईला लिहायला शिकवायचे तेव्हापासूनचा घरातला रिवाज होता, पेन्सिलीबरोबर खोडरबर पाहिजेच. चुकलं तर खोडायचं आणि परत लिहायचं, त्यात लाज नाही, असं आबा म्हणायचे. ते किचन टेबल, ती आई, तिच्याहून भरभर लिहिणारा आठ वर्षांचा तो. आईचा 'श' चुकला की तो खोडून द्यायचा.

त्याने खोडरबर हातात घेतला. आपण हे करणार नाही, असं त्याला मनापासून वाटत होतं. वाटत होतं आणि हात चालू होता. 'विशालने' मधला 'वि' गेला, 'शा' गेला. आईने इतकं दाबून लिहिलं होतं की शिसं निघालं तरी खड्डा राहिला. तो जोर लावून घासायला लागला. कागद त्या जागी पातळ झाला, करडा झाला. आई समोर उभी राहून बघत होती. ती रागावली असती, रडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त बघत होती, त्याचं अक्षर नीट येतंय का हे बघावं तशी.

बेल वाजली.

दीपाने दार उघडलं. अरुणा उरलेले ट्रे न्यायला आली होती. बूट काढून आत आली, सगळ्यांचे चेहरे पाहून दारातच थबकली. "काय झालं? काकूंना बरं नाही का?"

"मला काय धाड भरलीय," कमलाबाई म्हणाल्या. "अरुणा, ऐक. ते टाउनचं पत्र मला आलं हुतं. मार्चातच. तुमाला तिघांना त्याची नक्कल द्यायची हुती. मी ट्रंकेत ठिवलं आन् इसरले. माजी चूक झाली, बाई."

त्यांनी हात जोडले. अरुणाने धावत येऊन ते हात धरले आणि खाली केले.

"अहो काकू, काय हे. तुमच्यापुढे कोण बोलणार आहे? या वयात होतं असं. आबांच्या मागे तुम्ही एकट्या कुठे कुठे लक्ष देणार?" तिने विशालकडे पाहिलं, आणि हसली. खरोखरच सुटल्यासारखी हसली. "खरं सांगू का भाऊ, मगाशी गाडीत माझ्या मनात भलतंच येत होतं. तिघांचं पत्र गहाळ कसं होईल म्हणून. मग स्वतःलाच म्हटलं, अरुणा, जीभ झडेल तुझी. आबांचा मुलगा आहे तो."

विशालच्या मुठीत खोडरबर होता. घामाने तो चिकट झाला होता.

मान हलवली असती तरी पुरलं असतं. नुसतं गप्प बसलं असतं तरी पुरलं असतं. आई तेच सांगत होती ना? तिने सगळी तयारी करून दिली होती. एवढी सोपी गोष्ट होती आणि ती त्याला जमेना.

"आई विसरली नाही," तो म्हणाला.  "ती काही विसरत नाही. पत्र मी वाचलं होतं, आठ मार्चला. तुम्हाला द्यायचं असतं हे मला माहीत होतं. तुम्ही तिघं हरकत घ्याल म्हणून नाही दिलं. तिला सांगितलं, ठेवून दे."

अरुणाने कमलाबाईंचे हात अजून धरले होते. तिने ते हळूच सोडले.

"मगाशी भाषणात सांगितलंत," ती म्हणाली. "आबा वाचून दाखवायचे म्हणून."

"हो."

"मी टाळ्या वाजवल्या."

विशालला वाटलं जमिनीने पोटात घ्यावं. ओव्हाळांच्या त्या भल्यामोठ्या खोलीत कुणालाच कुठे बघावं ते कळेना. कपिल किल्ली हातात धरून नुसता उभा होता. अरुणा टेबलापाशी गेली. कागद उचलला, उजेडाकडे धरला. इंग्रजी तिला दुकानापुरतं यायचं, कायद्याचं नाही. पण कोपऱ्यातलं मराठी तिने वाचलं.

"इथे काय होतं? हे घासलंय ते?"

"माझं नाव."

"कधी खोडलंत?"

"आत्ता. तुम्ही बेल वाजवलीत तेव्हा."

अरुणाने मान डोलावली. हे सगळं तिच्या हिशेबात कुठेतरी बसलं असावं. तिने कागद त्याच्यापुढे धरला. "वाचून दाखवा."

"ताई, आता त्याचा..."

"उपयोग नाही, ठाऊक आहे मला. वाचा."

त्याने वाचलं. इंग्रजीतून एक वाक्य, मग मराठीतून. उभ्यानेच. मालकाने तीस दिवसांच्या आत. भाडेकरूंना नक्कल. टाउन क्लार्कला नावं. एके ठिकाणी तो दोन ओळी गाळून पुढे गेला तर कमलाबाई म्हणाल्या, "सगळं वाच." शेवटी तारीख आली.

"हरकत दोन मेपर्यंत लेखी कळवावी."

"आज किती?"

"नऊ."

यशोधरा भिंतीला टेकून रडत होती, आवाज न करता. दीपाने ट्रे आणून सोफ्यावर ठेवले आणि अरुणाच्या शेजारी उभी राहिली, नवऱ्याच्या नाही.

"मी मंगळवारी कौन्सिलपुढे सांगतो," विशाल म्हणाला. "सगळं. माझं नाव घेऊन. कमिटी सोडतो, इलेक्शनही..."

"तुम्ही नका सांगू," अरुणा म्हणाली.

त्याला क्षणभर वाटलं, ती त्याला वाचवतेय. तशी आशा वाटली याचीच त्याला पुढे कित्येक वर्षं सगळ्यात जास्त लाज वाटायची होती.

"तुम्ही सांगितलंत की ते तुमचं भाषण होईल. लोक म्हणतील, केवढा प्रामाणिक माणूस. टाळ्या पडतील." तिने ट्रे उचलले, छातीशी धरले. "मी बोलणार. गुंजनला आणि चावीवाल्यालाही घेऊन येते. फक्त मला तिथलं इंग्लिश यायचं नाही. तर तुम्ही माझ्या शेजारी उभं राहायचं आणि मी म्हणते ते इंग्लिशमध्ये सांगायचं. जसं म्हणते तसं. तुमच्याबद्दल म्हणेन तेही. गोड करायचं नाही."

विशालने मान हलवली.

अरुणा दारापर्यंत गेली होती. बुटात पाय घालता घालता ती वळली.

"मान नका हलवू, भाऊ. बोला."

"हो," विशाल म्हणाला.

कमलाबाईंनी त्याच्या मुठीतून खोडरबर काढून घेतला आणि पेन्सिल शोधायला लागल्या.